कष्टाच्या मुलखातली शतपावली

जोयडा तालुक्यात व्यायामाचा विषय काढला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : दिवसभर राबतोच आहोत, आणखी व्यायाम कशाला? उत्तर रास्त वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा, काळी नदीच्या खोऱ्यातला हा तालुका क्षेत्रफळाने कर्नाटकातल्या मोठ्या तालुक्यांपैकी एक, पण वस्ती अगदी विरळ. 2011 च्या जनगणनेत साऱ्या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम 52 हजार होती. एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत जंगल आणि ओढे. कुणबी चिखलात उभे राहून भात लावतात, परसातले कोन, कणगी, मुडली असे कंद खणून काढतात. गवळी गुरांमागे रानभर हिंडतात. अशा माणसांना ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणणे उद्धटपणाचे वाटू शकते. तरीही हलक्या व्यायामाची गरज इथे शहराइतकीच आहे, असे माझे म्हणणे आहे. कष्ट आणि हलका व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो.

व्यायामाच्या शास्त्राचा पाया ज्या अभ्यासाने घातला, तो जड कामाचा नव्हताच. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि ती 1953 मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. कंडक्टर ओझी वाहत नव्हते. चार पायऱ्या चढायच्या, थोडे थांबायचे, पुन्हा उतरायचे, असे त्यांचे काम. थोडी हालचाल, थोडी विश्रांती आणि हे रोज.

जड श्रमाचे गणित वेगळे आहे. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याची घागर, कमरेतून वाकून तासन्‌तास लावणी, नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेलाच, आणि विसाव्याची वेळ स्वतःच्या हातात नाही. फावल्या वेळात केलेली हालचाल हृदयाला जपते. पोटासाठी केलेल्या जड कामात तेवढे संरक्षण दिसत नाही, काही अभ्यासांत तर उलटेच चित्र दिसते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत हे मुद्दाम मांडले आहे. त्यावर मतभेद आहेत, कारण जड काम करणाऱ्यांच्या वाट्याला गरिबी, तंबाखू आणि अपुरे अन्नही येते आणि हे धागे वेगळे काढणे अवघड असते. गुडघ्यांविषयी मात्र फारसा वाद नाही. वर्षानुवर्षे ओझे उचलून आणि उकिडवे बसून काम केल्याने गुडघे झिजतात. त्याच झिजलेल्या गुडघ्यांचे दुखणे बेताच्या चालण्याने आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याने कमी होते. म्हणजे ज्या बाईचा जन्म राबण्यात गेला, तिला साठीनंतर ‘आता बसून रहा’ असे सांगणे मायेचे वाटले, तरी तिच्या तब्येतीच्या विरुद्ध जाते.

आणि बसणे आता जोयड्यातही वाढते आहे. सुपा धरणाच्या पाण्यात जुने सुपे गाव गेले, विस्थापितांचे रामनगर बेळगाव-गोवा रस्त्यावर वसले. पुढे आतल्या वाड्यांपर्यंत रस्ते पोचले, मोटारसायकली आल्या. हे सारे हवेच होते. आजाऱ्याला डोलीत घालून नेण्याच्या दिवसांची आठवण कोणी गोड मानू नये. पण मोटारसायकलीने लावणी हलकी केली नाही, मोळीही हलकी केली नाही. तिने काढून घेतले ते दुकानापर्यंतचे, शेजारच्या वाडीपर्यंतचे, देवळापर्यंतचे साधे चालणे. जड होते ते जडच राहिले आणि हलके तेवढे गेले. तरुण मुले कामासाठी गोव्यात गेली आणि घरी उरलेले म्हातारे पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

त्या खुर्चीविषयी थोडे बोलायला हवे. पाटावर बसून जेवणारा माणूस दिवसातून अनेकदा जमिनीवरून उठतो. मांड्या, कंबर आणि तोल यांना आपोआप काम मिळते. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसून आधाराशिवाय उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. ज्यांना उठताना हात, गुडघे टेकावे लागत होते, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त निघाले. उठता येण्याने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण अंगातली ताकद किती उरली आहे, ते मात्र यातून कळते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्ची जरूर असावी. मग त्याच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, पडवीचा खांब धरून टाचा उचलाव्यात, एका पायावर क्षणभर उभे राहावे. तोल आणि ताकदीच्या अशा व्यायामांनी म्हाताऱ्यांच्या पडण्याचे प्रमाण जवळजवळ पाव हिश्शाने घटते, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेले आहे. अणशी घाट उतरून कारवार किंवा तासन्‌तासांवरचे बेळगाव गाठल्याशिवाय मोडलेल्या खुब्यावर इलाज होत नाही, अशा ठिकाणी न पडणे हेच मोठे औषध आहे.

साखरेचा प्रश्नही आता शहरापुरता राहिलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरातली चरबी सहकाऱ्याच्या दुपटीहून अधिक. काटक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह होत नाही, हा समज तिथेच संपायला हवा होता. हलक्या चालण्याचा उपयोग इथे थेट होतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. अमेरिकेत 2013 मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात, साखर वाढण्याच्या उंबरठ्यावरच्या वृद्धांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालवले. एकदाच सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्यापेक्षा रात्रीच्या जेवणानंतरची साखर त्याने अधिक आटोक्यात राहिली. आपल्या घरातल्या शतपावलीला याहून चांगला दाखला कशाला हवा? दहा हजार पावलांच्या आकड्याची धास्तीही नको. तो आकडा 1965 च्या जपानमधल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. अमेरिकेतल्या वृद्ध स्त्रियांच्या 2019 च्या मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे 4,400 पावलांपासूनच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शनात सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे मिनिटे कशीही तुकड्यातुकड्यांनी जमवा, जमली नाहीत तरी जेवढी होतील तेवढी करा, असा तिचा आताचा सांगावा आहे.

‘पहाटे फिरायला जा’ हा शहरी सल्ला मात्र इथे उचलून आणू नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर अस्वल भेटण्याची भीती खरी आहे. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. चार महिने पाऊस कोसळतो, पायवाटा निसरड्या होतात, जळवा लागतात. अशा वेळी खळे आणि पडवी हीच जागा, आणि उन्हे वर आल्यावरचा तास हीच वेळ. पण सगळे घरावर सोपवून सरकारने मोकळे होऊ नये. ओढ्यावरचा पक्का साकव ही माझ्या मते आरोग्याचीच सोय आहे. तो नसेल तर पावसाळाभर म्हातारा माणूस पलीकडच्या वाडीत जात नाही, आणि चार महिने बसलेले पाय दिवाळीत पुन्हा उठतीलच असे नाही. रक्तदाब मोजायला येणाऱ्या आशा कार्यकर्तीला खुर्चीचे आणि खांबाचे व्यायाम शिकवले, तर ती ते दारोदार दाखवील. चालताना छातीत कळ आली, धाप आवरेना, तर थांबून डॉक्टर गाठायचा, हेही तिनेच सांगावे. रेशनच्या दिवशी सारे गाव एका जागी येते. तिथे हे दाखवायला वेगळे पैसे लागत नाहीत.

सगळ्यात कठीण प्रश्न बाईच्या वेळेचा आहे. भारतातल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची हालचाल अपुरी पडते आणि त्यात बायकांचे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त आहे, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात दिसले. जोयड्यातल्या बाईची हालचाल मात्र कमी नाही. तिच्याकडे नाही तो स्वतःच्या मर्जीचा अर्धा तास. रात्रीच्या जेवणानंतर घरचा पुरुष खळ्यात फेऱ्या मारू शकतो, कारण तेव्हा ती भांडी घासत असते, सकाळचे पाणी भरून ठेवत असते. तिला चाल म्हणून सांगायचे असेल, तर ती भांडी त्या पंधरा मिनिटांपुरती मुलाने किंवा नवऱ्याने घासायला हवीत, आणि नळ घरापर्यंत यायला हवा.