नवसाचे मंदिर

जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गेलो की आपण बॉम जेझू बॅसिलिका व से कॅथेड्रल पाहून परततो. पश्चिमेकडच्या टेकडीवरचे रोझरी मातेचे चर्च बहुधा राहून जाते. 1540 च्या दशकातील हे चर्च गोव्यातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे. गोल बुरूज आणि उंचावरच्या लहान खिडक्या यांमुळे ते बाहेरून किल्ल्यासारखे दिसते. आत वेदीवरचे छत मात्र दगडी फासळ्यांचे आहे. मध्ययुगीन युरोपातील गॉथिक मंदिरांची ही रीत. छताचा भार फासळ्यांवरून खाली उतरतो.

या देखण्या वास्तूमागे एक युद्ध आहे. 1510 मध्ये आल्बुकर्कने याच टेकडीवरून लढाई पाहिली आणि जय मिळाल्यास मंदिर बांधण्याचा नवस केला, असे सांगतात. 25 नोव्हेंबरला गोवा पडले. मग त्याच्या हुकमाने शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. हे त्याने स्वतःच पोर्तुगालच्या राजाला पत्राने कळविले. अशा विजयाच्या नवसातून उभे राहिलेले मंदिर पवित्र म्हणावे का?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. या चर्चमध्ये ज्याची कबर आहे तो गार्सिया द सा 1536 मध्ये वसईचा पहिला कॅप्टन झाला. पुढे 1739 मध्ये वसईचा किल्ला मिळावा म्हणून चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला व जयानंतर देवीचे मंदिर उभारले, असे आपल्या भागात सांगतात. देव आपल्याच बाजूने लढतो असे जिंकणाऱ्याला वाटते. मग त्याचा धर्म कोणताही असो.

कोणी म्हणेल, दगडांचा काय दोष? खरेच आहे. गार्सियाची पत्नी कातारिना हिच्या स्मारकावर गुजराती धाटणीचे नाजूक कोरीवकाम आहे. ते सेनापतीच्या तलवारीचे नव्हे, कारागिराच्या छिन्नीचे काम. पुढे तिथे किती आयांनी आजारी मुलांसाठी गुडघे टेकले असतील! मंदिराला पावित्र्य येते ते अशा माणसांमुळे, विजयामुळे नव्हे.

पण म्हणून रक्ताचा विसर पडू देता येत नाही. वाडवडिलांची वाडी घेतली की तिच्यावरचे कर्जही आपलेच. शत्रूसाठी प्रार्थना करा, असे प्रभूने शिकवले. पुढच्या खेपेला ती टेकडी जरूर चढू या. फासळ्यांचे छत डोळे भरून पाहू या आणि 1510 मध्ये मारल्या गेलेल्यांसाठी तिथेच एक प्रार्थना करू या.