सारथ्याचे आसन

शरीराची कळ दूर करणे हा धर्माचा विषय आहे की केवळ सोयीचा, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत अनेक रूपांनी चर्चिला गेला असला, तरी जुन्या मालवाहू पिकअपच्या चालकाच्या बैठकीच्या संदर्भात तो सहसा कोणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी ही जुन्या शहराची मध्यवर्ती बाजारपेठ होय. सुपारी हनुमान मंदिराभोवतीच्या त्या गर्दीत आणि आजूबाजूच्या अरुंद गल्ल्यांत माल पोचवायचा तर लहान वाहनच उपयोगी पडते, आणि अशा वाहनांपैकी जी जुनी झालेली असतात त्यांच्या इंजिनाची व टायरांची काळजी मालक वेळच्या वेळी घेत असला, तरी चालकाची सीट मात्र फाटली तशीच राहते. या उपेक्षेमागे केवळ काटकसर नसून सोसण्याविषयीचा एक चुकीचा समज आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ही सीट जवळून पाहिली, तर खाली लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेल्या नागमोडी स्प्रिंगा, त्यांवर काथ्याची किंवा फोमची गादी आणि सर्वांत वर शिवलेले रेक्झिन, अशी तिची रचना दिसते. चालक दिवसातून कितीतरी वेळा उजव्या दाराने चढतो आणि उतरतो, त्यामुळे गादीची उजवी कड आधी दबते. पुढे एखाद्या स्प्रिंगचा आकडा चौकटीतून निसटतो, बैठक एका अंगाला कलते, आणि चालक त्या खळग्यात गोणपाटाची घडी सारून, कंबर वाकडी ठेवूनच दिवस काढतो. मागच्या चाकांवरचे पाटे मालाच्या वजनाच्या हिशेबाने ताठ ठेवलेले असतात, म्हणून गुलमंडीत माल उतरवून रिकामी परतणारी गाडी भरल्या गाडीपेक्षा अधिक आदळते; आणि सेकंदाला सुमारे 4 ते 8 वेळा होणारी वरखाली कंपने बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वाधिक बाधतात, कारण त्या वेगाला धड स्वतःच लय धरून हलू लागते.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करण्यापूर्वी प्रामाणिकपणे मांडावयाचे प्रतिपक्षाचे म्हणणे, येथे दुबळा नाही. शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत, असा उपदेश गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. शंकराचार्यांच्या नावाने परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या ‘विवेकचूडामणी’त तर दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता ते सहन करणे, असेच तितिक्षेचे लक्षण सांगितले आहे. हे लक्षण सरसकट लावले, तर सीट दुरुस्त करणे हाच तितिक्षेचा भंग ठरेल. परंतु तितिक्षा ही षट्संपत्तीपैकी, म्हणजे साधकाने अंगी बाणवावयाच्या सहा गुणांपैकी एक आहे, आणि हे गुण ज्याने मोक्षाच्या ओढीने साधनमार्ग आपण होऊन पत्करला त्याच्यासाठी सांगितलेले आहेत. दुसऱ्याचा खर्च वाचावा म्हणून वाट्याला आलेली कळ कोणी कितीही निमूटपणे सोसली, तरी तिला तितिक्षा म्हणता येत नाही, आणि त्या निमूटपणाचे कौतुक करणे ही क्रूरताच होय. गीतेतील तो उपदेश रथातच झाला आहे, आणि तो सारथी रथीला करतो, रथी सारथ्याला नव्हे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

रथ आणि सारथी यांचे प्रसिद्ध रूपक कठोपनिषदातही आहे: आत्मा हा रथी, म्हणजे रथाचा स्वामी, शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. या रूपकात रथी आणि सारथी एकाच देहात नांदतात, त्यामुळे दोघांचे हित वेगळे काढता येत नाही. बाजारातील गाडीत मात्र बहुतेक वेळा मालक एक आणि चालक दुसरा असतो, आणि सीट बदलण्याचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याची पाठ त्या सीटला कधी टेकत नाही. जो मालक स्वतःच गाडी चालवतो त्याने हवे तर फाटक्या गादीचे व्रत घ्यावे. तो त्याचा अधिकार आहे.

पतंजलीने योगसूत्रांत आसनाच्या अंगी स्थैर्य आणि सुख ही दोनच लक्षणे अपेक्षिली असून, प्रयत्न सैल पडल्याने आसन सिद्ध होते आणि त्यानंतर द्वंद्वांचा, म्हणजे थंडी-उष्म्यासारख्या जोड्यांचा, आघात होत नाही, असा क्रम त्याने लावला आहे. हा क्रम येथे निर्णायक आहे, कारण सोसण्याची ताकद चांगल्या बैठकीतून येते, बैठकीच्या अभावातून नव्हे. आसनाची लक्षणे सांगणाऱ्या सूत्रावरील व्यासभाष्यात आसनांची जी नावे दिली आहेत त्यांत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसण्याचे आसन, हेही आहे; पाठीला टेका घेणे योग्यालाही वर्ज्य नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर आसनाचे थरही सांगितले आहेत: कुश नावाचे गवत, मृगाजिन म्हणजे हरणाचे कातडे, आणि वस्त्र, ते फार उंच नसावे, फार सखलही नसावे. पैठणजवळच्या आपेगावाशी ज्यांच्या घराण्याचा संबंध होता त्या ज्ञानेश्वरांनी 1290 साली नेवाशात सिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीत या थरांचा क्रम आपल्या पद्धतीने लावला, तळाशी कुश, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी आणि वर कातडे. आणि उंचीचे कारणही दिले, ते असे की आसन उंच झाले तर अंग डोलते आणि सखल झाले तर जमिनीचा दोष लागतो. फाटक्या सीटवर उशी ठेवून भागवणाऱ्या चालकाचे अंग प्रत्येक वळणाला डोलते, ते नेमक्या याच कारणाने.

बौद्ध परंपरेची साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे. विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमसंग्रहात, कापूस भरलेली बैठक भिक्षूने वापरू नये, तिच्यातील कापूस काढून टाकावा, असा दंडक आहे. पण त्याच विनयात लोकर, चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पाने यांनी भरलेल्या गाद्यांना परवानगी आहे. म्हणजे निषेध भरावाचा नसून चैनीचा आहे, आणि काथ्याची गादी त्या यादीजवळ सहज बसते. संभाजीनगरच्या उत्तरेकडील डोंगरातील औरंगाबाद लेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, बुद्ध प्रलंबपादासनात, म्हणजे सिंहासनावर बसून दोन्ही पाय खाली सोडलेल्या स्थितीत आहे, आणि समोर गुडघे टेकलेल्या उपासकांच्या रांगा कोरल्या आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यातही तो तसाच बसला आहे, आणि त्या लेण्याला लोक विश्वकर्म्याचे नाव देतात किंवा सुताराची झोपडी म्हणतात. पाय खाली सोडून, पाठ सरळ ठेवून बसणे हीच चालकाचीही बैठक आहे.

षोडशोपचार पूजेत, म्हणजे देवाच्या सोळा उपचारांनी केल्या जाणाऱ्या सेवेत, आवाहनानंतर लगेच दुसरा उपचार आसनाचा येतो. ज्याला बोलावले त्याला आधी बसायला द्यावयाचे, पाणी आणि फुले त्यानंतर. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गुलमंडीत येणाऱ्या पिकअपनाही झेंडूच्या माळा चढतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकांखाली लिंबू ठेवले जाते. ती पूजा श्रद्धेने केलेली असते यात शंका नाही. पण ज्याच्या हातून ती गाडी चालते त्याचे आसन त्या दिवशी खळग्यातच राहिले, तर सोळांतील दुसराच उपचार चुकलेला असतो.

दुरुस्ती फार अवघड नाही. चौकट उतरवून तुटलेल्या स्प्रिंगा बदलणे, त्यांवर आधी दाट, कडक फोम आणि वर मऊ फोम घालणे, मांड्यांखालची कड किंचित उचललेली ठेवणे आणि सरकपट्टीचे बोल्ट घट्ट करणे, एवढे काम आहे. फोमची जाडी मात्र मोजपट्टीने ठरत नाही, कारण बोटभर जादा थराने डोके टपाजवळ जाते आणि टाच क्लचपाशी टेकेनाशी होते, तर बोटभर कमी थराने चौकटीची नळी पुन्हा टोचू लागते. म्हणून रेक्झिन ओढून शिवण्यापूर्वी कारागिराने चालकालाच बोलावून उघड्या फोमवर बसवावे, त्याला दोन-तीन वेळा क्लच दाबायला लावावा, आणि पाठ कुठे टेकते व कुठे अधांतरी राहते हे त्याच्याच तोंडून ऐकून फोमवर खडूची खूण करावी.