वाचून ओळख होते का?

गेल्या वर्षी आम्ही नऊ जणांनी मिळून बारा पुस्तके वाचली. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. पण आम्ही तालुक्याच्या गावची माणसे. आमच्यात शिंपीकाम करणारे एक चाचा, उर्दू शाळेतल्या एक बाजी, एसटीतले एक कंडक्टर, निवृत्त तलाठी, नोकरीच्या शोधात असलेले दोन पदवीधर तरुण आणि तीन मास्तर. महिन्याला एक पुस्तक पुरे करायचे आणि शेवटच्या रविवारी चाचांच्या बंद दुकानात, कापडाच्या तुकड्यांत बसून त्यावर बोलायचे, हे आमच्यासाठी सोपे नव्हते. ते पार पडले याचा आनंद आहे. पण आनंदाबरोबर एक प्रश्नही मागे उरला आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहोत.

कल्पना आमची नव्हे. बाजींची मुलगी पुण्यात शिकते. तिने सुटीत सांगितले की लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन या बाईंना एकदा आपल्या कपाटात जवळजवळ सगळे इंग्रज आणि अमेरिकन लेखकच आहेत याची लाज वाटली, आणि त्यांनी 2012 या एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचे एक पुस्तक वाचण्याचा संकल्प केला. 196 देशांची यादी केली. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या छोट्या देशाचे पुस्तक इंग्रजीत मिळेना, तेव्हा अनोळखी लोकांनी आपणहून पाने वाटून घेऊन त्यांच्यासाठी पोर्तुगीजमधून भाषांतर करून दिले. ही गोष्ट आम्हांला फार आवडली. चाचा म्हणाले, "देश राहू द्या बेटा. हमारे जिल्ह्यातच इतके देश आहेत, ते तरी पाहू." त्यावरून नियम ठरला: बारा महिने, बारा पुस्तके, आणि एकाही पुस्तकातला माणूस 'आपल्यातला' नसावा.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आम्ही बारा रकाने आखले. प्रत्येक रकान्यात पुस्तकाचे नाव आणि त्याच्यापुढे एका समाजाचे नाव. दलित, आदिवासी, भटके, ख्रिस्ती, ज्यू, अमेरिकेतले काळे, असे. वाचून झाले की पुढे बरोबरची खूण. त्या वेळी आम्हांला यात काही वावगे दिसले नाही. माणसांचे रकाने केल्याशिवाय यादी होत नाही, आणि यादीशिवाय आमच्यासारखी आळशी माणसे वाचत नाहीत.

पहिल्याच महिन्यात वाद झाला. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' आम्ही काळ्यांच्या रकान्यात धरले होते. एका तरुणाने विचारले, पुस्तक काळ्या माणसाबद्दल आहे, पण लिहिले आहे मराठी बाईंनी. मग ही ओळख कुणाची झाली? कार्व्हरची की गवाणकरांना दिसलेल्या कार्व्हरची? तलाठीसाहेबांनी तेव्हा ते हसण्यावारी नेले. वर्ष संपताना कळले की सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पहिल्याच रविवारी विचारून झाला होता.

तिसऱ्या महिन्यात अ‍ॅन फ्रँकची डायरी होती. गाझातल्या बातम्या रोज येत होत्या. आमच्यातल्या दोघांनी स्पष्ट सांगितले की या दिवसांत एका ज्यू मुलीसाठी रडायला आमच्याजवळ डोळे नाहीत. कुणी त्यांना दोष दिला नाही. बाजी एवढेच म्हणाल्या, "ही मुलगी लपली तेव्हा तेरा वर्षांची होती. माझ्या वर्गात या वयाच्या एकोणीस मुली आहेत." शेवटी सर्वांनी वाचले. अ‍ॅमस्टरडॅममधल्या त्या माळ्यावर 1942 ते 1944 अशी दोन वर्षे कोंडून राहिलेली, आईवर चिडणारी, खिडकीतून झाड पाहणारी ती पोर 1945 मध्ये छावणीत मेली. ज्यांनी नकार दिला होता त्यांतल्या एकाने बैठकीत सांगितले की वाचताना गाझाचा विसर पडला नाही, उलट तिथली मुले अधिक जवळ आली. दुःखाचा हिशेब वजाबाकीचा नसतो, हे आम्हांला तत्त्व म्हणून आधीही माहीत होते. त्या दिवशी ते पटले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सर्वांना सोपी गेली आणि सर्वांत जास्त हसवून गेली. नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. मधली वर्षे त्या कशा जगल्या, मनातली शिवाशीव कशी हळूहळू सुटत गेली, हे त्यांनी कुठेही स्वतःला मोठे न करता लिहिले आहे. धर्मांतर म्हटले की आपल्याकडे दोन बाजूंच्या घोषणा ऐकू येतात. त्या घोषणांच्या खाली एक घर असते, एक स्वयंपाकघर असते, हे या बाईंनी दाखवले.

नंतर शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' आले. 1984 चे हे पुस्तक आमच्यातल्या बहुतेकांनी नुसते ऐकले होते. बाप पाटील, आई दलित, आणि मुलाला कुणाचेच नाव नाही. त्या पुस्तकात लेखकाच्या आजीसोबत, संतामायसोबत, राहणारे महमूद दस्तगीर जमादार आहेत. लेखक त्यांना दादा म्हणतो. या मुसलमान माणसाने त्या पोराला जीव लावला. आमची त्या रविवारची बैठक दोन तास चालली आणि त्यातला दीड तास आम्ही या दादांवरच बोललो. आपला माणूस कसा मोठ्या मनाचा निघाला, जातपात न पाहता कसा राहिला, वगैरे. उठता उठता बाजी म्हणाल्या, "आपण त्यांचे पुस्तक वाचायला बसलो होतो. आपलाच फोटो शोधून उठलो." भूक, आईची विटंबना, शाळेतला अपमान यांवर आम्ही किती बोललो होतो? कॅलेंडरवर मात्र बरोबरची खूण झाली होती.

आठव्या महिन्यात लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' होते. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पोलीस आणि गाव यांच्या डोक्यातून गेला नाही, हे या पुस्तकातून कळते. सगळे हळहळले. एक मास्तर म्हणाले, "आपल्यात बरे आहे, इस्लाममध्ये असले काही नाही." कंडक्टरभाई तोवर गप्प होते. ते फारसे बोलत नसत, महिन्याचे पुस्तक मात्र ड्यूटीवर सोबत नेऊन नेमाने वाचत. ते खाली पाहत म्हणाले, "त्या कायद्याच्या यादीत आमचीही जमात होती, सर. आम्ही छप्परबंद."

दुकानात कुणी काही बोलेना. त्यांनीच पुढे सांगितले. पूर्वज बादशहाच्या फौजेबरोबर छपरे शाकारत हिंडायचे, अशी त्यांच्यात परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. पुढे खोटी नाणी पाडणारे म्हणून इंग्रजांनी सगळ्या जमातीवर शिक्का मारला. विजापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या वसाहतीत, छप्परबंदांची कुटुंबे ठेवली होती. त्यांच्या आजोबांना लहानपणी हजेरी द्यावी लागे. आणि मग ते म्हणाले, "या गावात मी चौदा वर्षे आहे. मशिदीत तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. मुलीच्या सोयरिकीचे निघाले तेव्हा दोन घरांनी जमात विचारली आणि नंतर उलटून आली नाहीत." ती दोन घरे कोणती हे त्यांनी सांगितले नाही. आम्हांला ते विचारायची गरज पडली नाही.

'उचल्या' आम्ही भटक्यांच्या रकान्यात, म्हणजे 'परक्यांच्या' रकान्यात टाकले होते. 'आपल्यातला नसावा' हा नियम करताना 'आपण' म्हणजे कोण, हे आम्ही नऊ जणांनी एकमेकांना विचारलेच नव्हते. परक्याची व्यथा पुस्तकात वाचून डोळे ओले करणे सोपे जाते, कारण पुस्तक आपल्याकडे सोयरीक मागायला येत नाही.

या घटनेनंतर आम्हांला आमच्यावर बेतलेली एक जुनी गोष्ट आठवली. आमच्यातल्या एका मास्तरांना त्यांच्या शाळेतले एक सहकारी प्रेमाने म्हणाले होते, "मी हमीद दलवाईंचे 'इंधन' वाचले आहे. तुमच्याकडचे सगळे मला ठाऊक आहे." 'इंधन' 1965 ची कादंबरी, कोकणातल्या गावाची. चांगलीच आहे. दोष पुस्तकाचा नाही आणि सहकाऱ्यांच्या मनातही खोट नव्हती. पण मास्तर सांगतात की त्या दिवसानंतर या गृहस्थांनी त्यांना काही विचारलेच नाही. ईदला काय करता, घरी कोणती भाषा बोलता, मुलगी काय शिकते, काही नाही. त्यांच्यापुरता तो विषय वाचून संपला होता. मुसलमानांच्या रकान्यात बरोबरची खूण झाली होती. तेव्हा मास्तरांना वाईट वाटले होते. आम्ही मात्र वर्षभर दुकानात बसून आठ समाजांना हेच केले होते.

मग प्रश्न असा उभा राहतो की वाचून ओळख होते का? आपल्या बोलण्यात 'तआरुफ' हा शब्द नेहमी येतो. सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या जमाती आणि कबिले का झाले याचे कारण सांगताना याच धातूचे रूप आले आहे. जाणकार सांगतात की अरबीत हे रूप दोन्ही बाजूंनी होणाऱ्या क्रियेचे आहे. मी तुला ओळखायचे आणि तू मला. पुस्तक वाचताना मात्र एकच बाजू उघडी असते. लेखकाने आपले घर, आईची लाज, बापाचे नाव सगळे मांडून ठेवलेले असते. वाचणारा अंधारात बसलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या घरात काय आहे?

या बाबतीत आम्हांला अल-बिरूनी फार मोलाचा वाटतो. 973 मध्ये ख्वारिज्ममध्ये जन्मलेला हा विद्वान संस्कृत शिकला, पतंजलीचा ग्रंथ त्याने अरबीत नेला, आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. आपण वाद जिंकायला लिहीत नाही, हिंदूंचे म्हणणे त्यांचे ते जसे आहे तसे मांडतो, अशी त्याची प्रतिज्ञा होती. त्या काळात हे धाडसच. पण तो या देशाकडे आला तो गझनीच्या महमूदाच्या राज्याचा माणूस म्हणून. महमूदाच्या स्वाऱ्यांनी इथली माणसे उद्ध्वस्त झाली आणि म्हणून त्यांच्या मनात आपल्याविषयी द्वेष आहे, हेही त्याने लपवले नाही. हिंदूंवर त्याने काही ठिकाणी कठोर शेरेही मारले आहेत. तरी त्याचा एक गुण घेण्यासारखा आहे. वाचणारा कुठे उभा राहून वाचतो आहे, हे त्याने वाचकापासून दडवले नाही. आमच्या यादीत नेमका हाच रकाना नव्हता.

मग यादी फाडून टाकावी काय? एका तरुणाचे मत तसे पडले. मोजून केलेले वाचन हे पुण्य मोजण्यासारखेच, असे तो म्हणाला. आम्हांला ते पूर्ण पटले नाही. तस्बीहचे मणीही मोजलेच जातात. मोजल्याने सवय लागते, आणि सवयीने अशा दारापर्यंत जाता येते जिथे मनाच्या ओढीने आपण कधी गेलो नसतो. यादी नसती तर आमच्यातल्या कुणी 'उचल्या' उघडले नसते आणि कंडक्टरभाई आणखी चौदा वर्षे गप्प राहिले असते. यादीने आमचे एवढे भले नक्की केले. चूक मोजण्यात नव्हती. बरोबरची खूण झाली म्हणजे काम झाले, असे समजण्यात होती.

आम्हांला आता असे वाटते की दुसऱ्याचे पुस्तक ही अमानत आहे. वाचले म्हणून त्या समाजाविषयी निवाडा करण्याचा अधिकार मिळत नाही. जबाबदारी मात्र येते: पुढचा प्रश्न अदबीने विचारण्याची, आणि उलट प्रश्न आला तर तोंड न फिरवण्याची. 'अक्करमाशी' वाचणाऱ्याला कुणी विचारले की तुमच्यात खालचा-वरचा कसा ठरतो, तर धर्मातल्या समतेचे उत्तर पुरेसे नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या सोयरिकींचे उत्तर द्यावे लागेल.

बाराव्या पुस्तकानंतर तेरावी बैठक दुकानात झाली नाही. कंडक्टरभाईंच्या घरी झाली. आमच्यातले आठजण चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडत होते. त्यांच्या वालिदांनी हजेरीच्या, रात्री उठवून मोजल्या जाणाऱ्या माणसांच्या, ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. चहा झाला. तलाठीसाहेबांना राहवले नाही, ते म्हणाले की हे लिहून काढले पाहिजे, मराठी साहित्यात याची फार गरज आहे. कंडक्टरभाईंनी कपाटावरून दोनशे पानी वही काढून दाखवली. तीस-चाळीस पाने भरली होती. वाचून दाखवा म्हटल्यावर त्यांनी वही परत ठेवली.

"दाखवीन," ते म्हणाले. "पण आधी तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरातले असे एक पान लिहून आणा."

या वर्षी नवे कॅलेंडर भिंतीवर लावले आहे. बारा रकाने आहेत, पुढे समाजांची नावे नाहीत. पहिल्या रकान्यासाठी आठजणांनी एकेक पान लिहून आणायचे ठरले आहे. हे लिहीपर्यंत फक्त चाचांचे आले आहे.