राडारोड्याचा हिशेब

एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कळवा वसले आहे. गेल्या काही दशकांत विटावा, खारेगाव, कळवा, मुंब्रा या भागांत जे शहर उभे राहिले, त्याला लागलेली बरीचशी वाळू याच खाडीतून उपसली गेली आणि खडीसाठी पारसिकची डोंगररांग फोडली गेली. आता त्या काळातल्या इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत, आणि त्यांचे काँक्रीट कुठे जाणार हा प्रश्न समोर आहे. चक्रीय अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते म्हणतात, टाकाऊ वस्तू पुन्हा कच्चा माल म्हणून वापरली की निसर्गावरचा ताण हटेल आणि आर्थिक वाढही चालू राहील. या आश्वासनातला पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसऱ्याला गणिताचा आधार नाही. पुनर्वापर आवश्यक आहेच. पण वस्तू वापरण्याचा आणि मोडण्याचा वेग वाढत राहिला, तर कितीही चांगला पुनर्वापर त्या वेगाला गाठू शकत नाही.

जुनी इमारत पाडताना काय होते ते पाहिले, तर पुनर्वापराची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. तोडकामाचा ठेकेदार बहुधा इमारत पाडण्याचे पैसे घेण्याऐवजी स्वतःच मोजतो, कारण आतल्या मालाला किंमत असते. आधी दारे, ग्रिल, सरकत्या खिडक्यांचे ॲल्युमिनियम आणि वायरीतले तांबे निघते. मग ब्रेकरने स्लॅब फोडून सळ्या ओढल्या जातात, त्या भंगारात जातात आणि भट्टीत वितळून पुन्हा सळ्या होतात. जालन्याचा पोलाद उद्योग मुख्यतः अशा भंगारावर आणि स्पंज आयर्नवर उभा आहे. खनिजापासून पोलाद करण्याच्या मानाने यात ऊर्जा पुष्कळ कमी लागते. म्हणजे धातूंचे चक्र कुणी धोरण आखण्याआधीपासून फिरते आहे. उरतो तो राडारोडा, आणि वजनाने सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. तो दळून भरावाला किंवा पेव्हर ब्लॉकला वापरता येतो, पण एकदा घट्ट झालेले सिमेंट दळले म्हणून पुन्हा सिमेंट होत नाही. नव्या इमारतीसाठी पुन्हा चुनखडी भाजावी लागते, आणि सिमेंट उद्योगाच्या कार्बन उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग त्या चुनखडीतूनच बाहेर पडतो. शिवाय राडारोडा वाहून नेणे महाग पडते, म्हणून रात्रीच्या अंधारात डंपर खाडीकाठच्या कांदळवनात रिकामे होतात. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेली ती हीच खाडी.

समजा, व्यवस्था निर्दोष झाली आणि राडारोड्याचा कणन् कण नव्या बांधकामात परत आला. तरी काय होईल? आज पडणारी इमारत ३० वर्षांपूर्वीच्या मालाची आहे. बांधकामाची गरज दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर ३० वर्षांत ती सव्वाचार पटींहून अधिक होते. म्हणजे शंभर टक्के पुनर्वापर करूनही आजच्या गरजेचा जेमतेम पाव भाग भागेल. उरलेला पाऊण भाग डोंगरातून आणि नदीतूनच येणार. वाढ २ टक्के असेल, तर जुना माल निम्म्याहून थोडी अधिक गरज भागवेल. गरज स्थिरावली तरच वर्तुळ पूर्ण होण्याची शक्यता निर्माण होते. यंत्रे सुधारून हा फरक भरून निघत नाही, कारण तो कालचा साठा आणि आजची मागणी यांच्यातला आहे.

मग इमारतीचे आयुष्य ३० वर्षांवर का अडते? महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि ती हवीच. खाडीची वाळू न धुता वापरली की तिच्यातले मीठ सळ्यांना गंज आणते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट तडकते. अशा धोकादायक इमारती रिकाम्या करून पाडायलाच हव्यात. पण पुनर्विकासाचे प्रोत्साहनपर चटईक्षेत्रही याच तिशीच्या उंबरठ्यावर मिळते. त्यामुळे दुरुस्तीने आणखी २५-३० वर्षे टिकू शकेल अशी इमारतसुद्धा जमिनीच्या भावापायी पाडणे फायद्याचे ठरते. सकल उत्पन्नाच्या हिशेबात बांधणे, पाडणे आणि पुन्हा बांधणे या तिन्हींची बेरीज होते. नीट राखलेली इमारत तिथे जवळपास दिसतच नाही. पुनर्वापराची टक्केवारीही फसवी आहे. इमारती ६० वर्षे टिकू लागल्या तर राडारोडा कमी निघेल, नव्या बांधकामातले पुनर्वापराचे प्रमाण घटलेले दिसेल, आणि तरीही डोंगर अधिक वाचलेला असेल.

यावर अर्थतज्ज्ञांचा आक्षेप असा की वाढ रुपयांत मोजतात, टनांत नव्हे. सेवाक्षेत्र वाढले, तंत्रज्ञान सुधारले की कमी मालात अधिक मूल्य निर्माण होते. हे खरे आहे, पण जगाच्या पातळीवर एकूण वापर त्यामुळे खाली आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार १९७० मध्ये जगात सुमारे ३० अब्ज टन साधनसंपत्ती काढली जात होती. आज तो आकडा १०० अब्ज टनांपुढे गेला आहे. ‘सर्क्युलॅरिटी गॅप’ अहवालांत पुनर्वापरातून आलेल्या मालाचा वाटा २०१८ मध्ये ९.१ टक्के होता, २०२३ मध्ये तो ७.२ टक्क्यांवर आला. चक्रीय अर्थव्यवस्थेची चर्चा वाढली त्याच वर्षांत तिचा वाटा घटला, कारण एकूण वापर पुनर्वापराहून वेगाने वाढला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४० च्या दशकातच निसर्गाचा संपणारा साठा आणि पुन्हा पुन्हा भरणारा प्रवाह यांत भेद केला होता. साठ्यावर चालणारी समृद्धी टिकाऊ नसते, हे त्यांचे म्हणणे या आकड्यांतून पटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्यांना अजून पक्के घर नाही त्यांनी थांबायचे का? २०२१ च्या जुलैत कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. २०१३ मध्ये शीळ-डायघरला घाईघाईने उभारलेली अनधिकृत इमारत पडून ७४ माणसे दगावली. डोंगरउतारावरच्या माणसाला सुरक्षित घर मिळायलाच हवे, आणि त्यासाठी वाळू, खडी, सिमेंट लागणारच. खाडी आणि डोंगर जे थोडे अजून देऊ शकतात, त्यावर पहिला हक्क याच माणसाचा आहे. म्हणूनच धडधाकट इमारत पाडून तिथे मोठा टॉवर उभा करण्यात तो माल जाणे मला अन्यायाचे वाटते. गरिबांच्या नावाने केलेली वाढीची मागणी बहुतेकदा भलत्याच बांधकामाला उपयोगी पडते. रोजगाराचेही तसेच. दुरुस्ती, जलरोधन, जुन्या खिडक्या-दारांची डागडुजी यांत मालाच्या मानाने हात अधिक लागतात, आणि ते काम स्थानिक कारागिरांच्या हाती राहते.

त्यासाठी ठाण्यासारख्या महापालिकेला नवे विज्ञान शोधायचे नाही. तपासणीचे अहवाल जाहीर करावेत. दुरुस्ती अशक्य आहे किंवा परवडण्यापलीकडे आहे हे सिद्ध झाल्यावरच पाडण्याला प्रोत्साहन मिळावे. पाडकामाआधी अनामत घ्यावी आणि राडारोडा प्रक्रियेला गेल्याची वजनकाट्याची पावती दाखवल्यावरच ती परत करावी. पालिकेच्या स्वतःच्या रस्ते-पदपथांत प्रक्रिया केलेला माल आधी वापरावा. आणि दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर एक आकडा छापावा: या वर्षी शहरात नवी वाळू आणि खडी किती टन आली. हा आकडा खाली येत असेल आणि त्याच वेळी डोंगरउतारावरची कुटुंबे सुरक्षित घरांत जात असतील, तर त्या शहराची अर्थव्यवस्था चक्रीय होत आहे असे म्हणता येईल. तो वाढत राहिला, तर पुनर्वापराचे कितीही प्रकल्प उभारले तरी आपण फक्त नासाडीला शिस्त लावलेली असेल.