माप एकच हवं

घोडबंदर रोडवर कासारवडवलीतलं एक घर. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारी भाची आणि इतिहासाचे निवृत्त शिक्षक असलेले तिचे मामा बोलत बसले आहेत.

भाची : मामा, वर्गात एका मुलानं विचारलं, येशू खरंच होऊन गेला का? मी शुभवर्तमानांचा दाखला दिला. तो म्हणाला, ती तर त्याच्याच माणसांनी लिहिली.

मामा : रास्त बोलला. मग परक्यांना विचारू. इ.स. ११६ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, तिबेरियस बादशहाच्या काळात रोमन सुभेदार पिलातानं ख्रिस्ताला देहदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. तो त्यांची भलामण कशाला करेल?

भाची : पण तोवर ऐंशीएक वर्षं उलटली होती. त्यानं ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलं असेल तर?

मामा : शक्य आहे. म्हणून त्याच्या एकट्यावर विसंबायचं नाही. ज्यू इतिहासकार जोसेफस त्याच्याही आधीचा, ९३ च्या सुमाराचा.

भाची : तिथंच तर अडतं. त्याच्या इतिहासग्रंथाच्या अठराव्या खंडातल्या येशूच्या उताऱ्यात ख्रिस्ती हातांनी नंतर भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे मुलांना सांगू? त्यांची श्रद्धा डळमळली तर?

मामा : भर घालणाऱ्यालाही हीच भीती वाटली असेल. त्यानं श्रद्धेला टेकू दिला आणि मूळ मजकुरावरही संशय ओढवला. तू सांगून टाक. मग विसावा खंड दाखव. तिथं येशूचा भाऊ याकोब याच्या वधाची नोंद आहे. स्तुती नाही, चमत्कार नाही. याकोब कोणता, हे कळावं म्हणून येशूचं नाव आलंय. ५० च्या आसपास गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलही म्हणतो, प्रभूचा भाऊ याकोब मला भेटला. जो जन्मलाच नाही, त्याला भाऊ कुठला?

भाची : मग पुनरुत्थानाचं काय?

मामा : आपल्या ठाण्याचं बघ. १३२१ साली इथं चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डानसची पत्रं आहेत. नंतर आलेल्या ओडोरिकनं त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. तोच सांगतो, त्यांच्यातला एक आगीतून न होरपळता बाहेर आला. यातलं तू काय मानतेस?

भाची : त्यांचा मृत्यू मानते. आगीचं पुराव्यानं ठरणार नाही.

मामा : मग यरुशलेमला वेगळं माप कशाला?

भाची : पण त्या मापानं क्रुसावर मेलेला माणूसच हाती येतो. माझी प्रार्थना तेवढ्यावर थांबत नाही.

मामा : थांबू नये. पण जिथं पुरावा संपतो, तिथून पुढं तू श्रद्धेनं चालतेस, हे मुलांना स्पष्ट सांग. न मानणाऱ्यालाही हाच नियम. चमत्कार पटत नाही म्हणून माणूसच नव्हता, असं त्यानं म्हणू नये. येशू होऊन गेला आणि पिलाताच्या हुकमानं क्रुसावर मेला, हे इतिहासानं सिद्ध होतं. तो पुन्हा उठला का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र त्यासाठी पुराव्यात अक्षराचीही भर घालू नये.