मानवंदना आणि खांदा

सैनिकाच्या अंत्ययात्रेत दोन विधी एकाच वेळी चाललेले असतात. पहिला राष्ट्राचा. त्याची शिस्त लिहून ठेवलेली आहे. शवपेटीवर तिरंगा पसरायचा तो केशरी पट्टा मस्तकाकडे येईल असा. पुष्पचक्रे वाहायची ती ठरलेल्या क्रमाने. मग 'शोक शस्त्र' हा आदेश होतो, बंदुका उलट्या होतात आणि जवानांच्या माना खाली झुकतात. हवेत तीन फैरी झडतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजते. तो ध्वज चितेत जाळायचा नाही, कबरीतही उतरवायचा नाही, असा ध्वजसंहितेचा दंडक आहे. म्हणून तो नीट घडी घालून आईच्या किंवा पत्नीच्या हाती दिला जातो. दुसरा विधी गावाचा. त्याची संहिता कोणी लिहिलेली नाही. रस्त्यावरचे दगड उचलणे, लष्कराच्या गाडीला वाट करून देणे, दोर धरून गर्दी थोपवणे, पाण्याचे पिंप भरणे, आलेल्या पाहुण्यांच्या जेवणाची सोय शेजारच्या चार घरांत लावणे, आणि आतल्या खोलीत बसलेल्या माउलीच्या पाठीवर हात ठेवून काही न बोलता तिच्यापाशी बसून राहणे.

पहिल्या विधीविषयी वृत्तपत्रे लिहितात. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या विधीचा. गाव जेव्हा आपल्या पडलेल्या सैनिकाचा सन्मान करते, तेव्हा ते नेमका कशाचा सन्मान करते? ते कोणाचे ऋण फेडते? आणि जमलेल्या हजारोंपैकी त्या मृताच्या खरोखर उपयोगी पडतो तो कोण?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज आम्हांला परंपरेने आल्यासारखा वाटणारा हा विधी फार जुना नाही. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत जे पडले, त्यांचे अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीजवळच, त्यांच्या पलटणीच्या हातून झाले. गावी आली ती तार. पुढे कधीतरी एक लोखंडी पेटी. ज्या घरात तार आली, त्या घराने प्रेतावाचून शोक केला, आणि गावाने खांद्यावाचून. १९९९ च्या कारगिल युद्धात भारताचे ५२७ सैनिक कामी आले, आणि त्या उन्हाळ्यापासून पार्थिव देह गावोगावी पोहोचवण्याचा प्रघात पडला. म्हणजे तिरंग्यात लपेटलेली पेटी, तिच्यामागे चालणारा तालुका, दुतर्फा उभी असलेली शाळेची मुले, हे सारे अवघ्या एका पिढीचे आहे. त्याचे संकेत अजून ठरावयाचे आहेत. नव्या विधीत चुका होतात. त्या दाखवण्यात मृताचा अनादर नाही.

आमच्या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागाला, म्हणजे माथेरानच्या डोंगरापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेल्या कर्जताला आणि बोरघाटाच्या पायथ्याच्या खालापुराला, आणखी एक जुनी आठवण आहे. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. खोपोली आणि भिवपुरी येथील टाटांच्या वीजकेंद्रांतून मुंबईकडे वीज जात असे. या परिसरातले विजेचे मनोरे पाडणे हे दस्त्याचे मुख्य काम होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. मानिवलीचे तरुण हिराजी पाटील आणि खुद्द कोतवाल तेथे पडले. सरकारी मानवंदनेचा प्रश्नच नव्हता. गोळी सरकारचीच होती. तरीही दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत कर्जत-मुरबाडकडची माणसे सिद्धगडाच्या वाटेला लागतात.

त्यानंतर अठरा महिन्यांनी, त्याच जिल्ह्यातला आणखी एक तरुण पडला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. बरोबरीचे सारे मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातगोळ्याने त्यांनी मशिनगन बंद पाडली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास वेळ नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कोठेही नाही. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक जणांच्या यादीत, कासिनो येथील स्मारकावर, त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा उभा आहे.

आता ही दोन मरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. हिराजी पाटील ज्या राजवटीच्या गोळीने पडले, तिचाच गणवेश अंगावर असताना यशवंत घाडगे पडले. एकाने ज्या सत्तेला आव्हान दिले, दुसऱ्याने तिची आज्ञा पाळली. जिल्हा एकच, पिढी एकच. आज आम्ही दोघांपुढेही मस्तक लववतो, आणि तसे करताना आमच्या मनाला टोचणी लागत नाही. का लागत नाही? आम्ही विसराळू आहोत म्हणून? की पराक्रम दिसला की कारण विचारायचे नाही, अशी आमची सवय आहे म्हणून?

आम्हांला वाटते, उत्तर याहून खोल आहे आणि थोडे अडचणीचेही आहे. मराठीत युद्धात मरण्याला 'धारातीर्थी पडणे' म्हणतात. तलवारीच्या धारेला तीर्थ म्हणणारी ही भाषा युद्ध कोणी पुकारले हे विचारीत नाही. गावाच्या वेशीवरचे जुने वीरगळही विचारीत नाहीत. खालच्या चौकटीत लढणारा वीर, वरच्या चौकटीत देवापाशी हात जोडून बसलेला तोच वीर. राजाचे नाव बहुधा नसतेच. गाव आपल्या माणसाने केलेले दान पाहते. त्याला पाठवणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे, आणि तो अवश्य मागावा. परंतु तो चितेपाशी मागावयाचा नसतो, आणि मृताकडून तर नाहीच नाही.

पण हेच तत्त्व प्रामाणिकपणे पुढे नेले, तर ते आम्हांला अशा जागी नेऊन उभे करते की जेथे जावयास अनेकांचे पाय कचरतील. दान जर कारणावाचून वंदनीय असेल, तर समोरच्या खंदकातला मेलेला मनुष्यही वंदनीय ठरतो. हे केवळ पुस्तकी तर्कट नव्हे. १९९९ च्या जुलैत टायगर हिलवर पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता पडले. ('कर्नल' हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे.) त्यांच्याशी ज्यांचे सैन्य लढले, त्या भारतीय ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची साक्ष देणारी चिठ्ठी लिहून मृतदेहाच्या खिशात ठेवली आणि देह परत धाडला. पुढे पाकिस्तानने त्यांना आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. त्याच युद्धात पाकिस्तानने आपल्या अनेक मृतांची ओळखही नाकारली, तेव्हा भारतीय जवानांनी त्यांचे इस्लामी रीतीने दफन केले. ज्यांचे सोबती आदल्या दिवशी त्याच उतारावर मारले गेले होते, त्यांनी ते खड्डे खणले. शत्रूच्या मृताला माती देणाऱ्या जवानांच्या नावाने आम्ही गावात जमतो, आणि त्यांच्या पेटीपुढे कोणाच्या तरी विनाशाच्या घोषणा देतो. हे त्या जवानांना शोभते का, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

ख्रिस्ती परंपरेत दयेची सात शारीरिक कृत्ये सांगितली आहेत. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र इत्यादी सहा मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातून आली. सातवे कृत्य, मृतांना मूठमाती देणे, त्या अध्यायात नाही. ते आले तोबीतच्या ग्रंथातून. तोबीत हा निनवे नगरात बंदिवासात राहणारा इस्राएली. सणाच्या दिवशी तो भोजनास बसला असता बाजारात आपल्या एका बांधवाचे प्रेत पडले असल्याची वार्ता त्याला कळते. तो पान तसेच सोडून उठतो, प्रेत आणून झाकून ठेवतो आणि सूर्यास्तानंतर खड्डा खणून ते पुरतो. राजाची मनाई होती. याच कृत्यापायी पूर्वी त्याच्यावर परागंदा होण्याची वेळ आली होती. शेजारी त्याला हसतात. या कथेत भाषण नाही, मिरवणूक नाही. मेलेला कोण, कोणत्या गुन्ह्यासाठी मारला गेला, याची चौकशीही नाही. आहे तो एक जेवण सोडून उठलेला मनुष्य आणि एक खड्डा. उरलेल्या सहा कृत्यांत घेणारा निदान कृतज्ञतेने पाहू तरी शकतो. येथे तेही नाही.

तोबीतची माणसे आमच्या खालापुरात आम्ही पाहिली आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाहन जाईल असा रस्ता नव्हता. धो धो पावसात, चिखलाच्या चढणीवरून गिर्यारोहक आणि आसपासच्या गावांतले तरुण कुदळ-फावडी घेऊन पायी वर गेले. सरकारी दलेही तशीच गेली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी ती चढण चढत असताना हृदयविकाराने तेथेच मरण पावले. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, समोर शत्रू नव्हता. पण कर्तव्याच्या वाटेवर पडलेला मनुष्य म्हणून त्यांना सैनिकाच्या रांगेबाहेर कसे ठेवावे, हे आम्हांला कळत नाही. चार दिवसांच्या शोधात सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. यशवंत घाडग्यांप्रमाणे त्या सत्तावन्नांनाही कोणाचा खांदा लाभला नाही. ज्यांनी त्या डोंगरावरून मृतांना खाली आणले, त्यांना खांदा देणे म्हणजे काय हे कोणी शिकवावयाची गरज नाही. सैनिकाची पेटी तालुक्यात येते तेव्हा दोर धरून उभी राहणारी मुले बहुधा अशाच मुलांतली असतात.

त्यांच्याकडे पाहिले की उरलेल्या गर्दीचे वागणे अधिक खुपते. 'लास्ट पोस्ट' वाजत असताना घोषणा चालू राहतात. बिगुलवाल्या जवानाचे सूर कोणाला ऐकूच येत नाहीत. वास्तविक ती धून म्हणजे छावणीत दिवस संपल्याची खूण. मृताला सांगितले जाते की तुझा पहारा संपला, आता विसावा घे. ते सांगणे निदान ऐकू येईल इतकी शांतता त्याला आमच्याकडून मिळावी. मोबाइल उंच धरलेले शेकडो हात पत्नीच्या चेहऱ्यावर रोखलेले असतात. तिचा हंबरडा संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरतो. तिची परवानगी कोणी घेतलेली नसते. पुष्पचक्रासाठी पुढाऱ्यांची रांग लांबते, आणि वृद्ध बाप उन्हात उभा राहतो. हे सारे दुष्टाव्यातून होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशी प्रत्येकाला आपण काहीतरी मोठ्या गोष्टीचा भाग आहोत असे वाटत असते, आणि ती भावना खोटीही नसते. पण तिच्या भरात आम्ही मृताकडून आणखी एक गोष्ट घेतो: ज्याने प्राण दिले, त्याच्याकडून आमचा अभिमानही भागवून घेतो.

आम्हांला पुढील इतकेच सुचवावेसे वाटते. अंत्ययात्रेचे काम वाटून घेणाऱ्या मंडळांनी, माजी सैनिकांनी, धर्मग्रामांच्या युवकसंघांनी आधी घरी जाऊन विचारावे: काय हवे, काय नको, छायाचित्रे चालतील का, आईला किती वेळ एकटीने पेटीपाशी बसावयाचे आहे. लष्कराचा अधिकारी हे विचारतो, गावानेही विचारावे. तीन फैरी आणि बिगूल यांच्या वेळी कोणीही तोंड उघडू नये, हे ध्वनिक्षेपकावरून एकदा स्वच्छ सांगावे आणि मग ध्वनिक्षेपक बंद करावा. दूर इटलीतल्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, त्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. त्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत. कोणत्या तरी परक्या देशातल्या बावीस वर्षांच्या पोरासाठी त्या गावाने घोषणांचा फलक लावला नाही. सावलीने वेळ सांगणारी एक वस्तू उभी केली.

आणि तेराव्या दिवसानंतरचे. निवृत्तिवेतन, विमा, मुलांची शिष्यवृत्ती, जमिनीचा अर्ज, यांची कागदपत्रे जुळवताना घरच्या बाईला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे लागते. ते अलिबागला आहे. कर्जतच्या एखाद्या वाडीतून तेथे जाऊन परत येणे म्हणजे आखा दिवस मोडणे. एक दाखला कमी पडला तर आणखी एक दिवस. कडेवर मूल असेल तर ते घेऊन. अंत्ययात्रेत दोर धरणाऱ्या मुलांपैकी दोघांनी त्या सकाळी पहिल्या गाडीला तिच्याबरोबर जावे, खिडकीपाशी रांगेत तिच्यासाठी उभे राहावे, छायाप्रती काढून आणाव्यात, आणि अंधार पडण्याच्या आत तिला घरी आणून सोडावे.