वाढीचा दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून, नव्हे, आमच्या तोंडून, एक प्रमाद घडला. पुढील विवेचनाचें मूळ त्या प्रमादांत आहे, हें वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आम्ही मुलुंड पूर्वेस राहतों. 1974 सालीं बांधलेल्या आमच्या चार मजली इमारतीच्या जागीं 22 मजली इमारत उभी करण्याची योजना घेऊन एक बांधकाम व्यावसायिक आला, व तिचा विचार करण्यासाठीं सोसायटीची सभा भरली. सभेंत बोलण्याचा आग्रह झाला म्हणजे प्राध्यापक जें करतो तेंच आम्हीं केलें. मूळ मुद्दा सोडून इतिहासांत शिरलों. साष्टी बेटांतील हीं उपनगरें 1950 सालीं मुंबई महापालिकेंत येऊं लागलीं, 1957 सालीं हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत पसरली, शेतें गेलीं, विहिरी बुजल्या, आणि आतां आकाशही जाऊं लागलें आहे, असें सांगत सांगत शेवटीं आम्ही म्हणालों, "ही वाढ नव्हे, हा कर्करोग आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारांत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नव्हत्या. त्यांच्या स्तनांतील गांठीवर जानेवारीपासून परळला उपचार चालू आहेत, ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. ठाऊक असून नेमकी त्या क्षणीं ती आमच्या मनांतून निसटली होती.

सभा सुटल्यावर जिन्यांत त्यांनीं आम्हांस थांबविलें. "सर, भाषण छान झालं हो तुमचं. एकच विचारते. मग माझ्या अंगांत काय बिल्डर शिरलाय?" असें म्हणून त्या हंसल्या. आम्हांस हंसतां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं क्षमा मागावयास गेलों, तर त्यांनीं ती मागूं दिली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, सरांनीं जें म्हटलें तें निदान सभेंत उघड म्हटलें; इतर मंडळी घरीं येऊन, चहा घेऊन म्हणतात. नणंद म्हणते, मनांत कुढत राहिलीस म्हणून हें झालें. एका वडीलधाऱ्या नातेवाइकानें पत्रिका पाहून मागल्या जन्माचा कांहीं हिशेब काढला आहे. मैत्रिणीनें दूधदह्यावर ठपका ठेवला. "प्रत्येकाच्या बोलण्याचा अर्थ एकच, की माझं कांहींतरी चुकलं. तुम्ही एवढं वाचतां, सर. एकदां नीट पाहून सांगा, चुकलं कोणाचं?"

प्रश्न नीतिशास्त्राचा होता, व तो विषय आम्ही तीस वर्षें शिकवीत आहों. परंतु उत्तराचा पहिला भाग ज्या शास्त्रांत होता त्यांतील आमचें ज्ञान शालान्त परीक्षेपाशींच थांबलेलें. तेव्हां प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याचें शिष्यत्व पत्करलें आणि संध्याकाळच्या गाडीनें परततांना त्यांच्याकडून धडे घेतले. त्यांतील आवश्यक तेवढे येथें देतों.

आरंभ परळपासूनच केला तर सोयीचें होईल. टाटा रुग्णालय 1941 सालीं उघडलें. पुढें 1952 सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, आणि तेथें डॉ. कमल रणदिवे यांनीं शरीराबाहेर, कांचेच्या बशींत, जिवंत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. या देशांतील तशी ती पहिली समजली जाते. रणदिवे मूळच्या पुण्याच्या, फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. आणि स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय होता. अशी प्रयोगशाळा चालविणारास एक गोष्ट लवकरच कळून येते. पेशीला मीठ, साखर, जीवनसत्त्वें असें सारें अन्न पुरविलें तरी ती नुसती तग धरते. एकीच्या दोन होत नाहींत. रक्ताचा निवळ भाग, ज्यास सीरम म्हणतात, त्याचे थोडे थेंब घातले म्हणजे मात्र ती वाढीस लागते. अन्न असणें आणि वाढण्याची आज्ञा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निरोगी पेशी केवळ अन्न मिळालें म्हणून वाढत नाहीं. निरोप आला म्हणजे वाढते.

हे निरोप पोंचविणारीं प्रथिनें म्हणजेच वृद्धिकारक प्रथिनें, इंग्रजींत ग्रोथ फॅक्टर. त्यांच्या शोधाबद्दल 1986 सालीं रिता लेव्ही-मॉन्टाल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कोहेन यांची हकीकत मोठी मौजेची आहे. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांस त्यांनीं उंदराच्याच लाळग्रंथींतील अर्क टोंचला. तों जीं पिलें दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडावयाचीं तीं एका आठवड्यांतच उघडूं लागलीं. अर्कांतील कोणती तरी वस्तु पापण्यांची त्वचा अकालीं पक्व करीत होती. ती त्यांनीं 1962 सालीं वेगळी काढली; पुढें तिला 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर', थोडक्यांत ईजीएफ, हें नांव मिळालें. माणसाचें ईजीएफ म्हणजे 53 अमिनो आम्लांची एवढीशी साखळी. ती लाळेंत आहे, मूत्रांत आहे, आईच्या दुधांतही आहे. बोट कापलें कीं तें चटकन् तोंडांत घालण्याची आपली जी उपजत खोड, तिला लाळेंतील ही साखळी ठाऊक असावी असें उगाच मनांत येऊन गेलें. आज हेंच प्रथिन कारखान्यांत तयार होतें, आणि मधुमेही माणसाच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमेवर लावावयाचें औषध म्हणून आपल्या देशांत मिळतें.

निरोप आला तरी तो ऐकण्यास कान हवा. पेशीच्या कांठावर असे कान असतात. शास्त्रज्ञ त्यांस रिसेप्टर म्हणतात. बाहेरच्या टोंकास निरोप टेकला कीं आंतील टोंक जागें होतें, आणि एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास उठवीत ती आज्ञा पेशीच्या गाभ्यापर्यंत जाते. काम झालें म्हणजे कान आंत ओढून घेतला जातो व सारें शांत होतें. या शेवटच्या वाक्यापाशीं आम्ही गाडींत बराच वेळ अडलों, आणि उतरावयाचें स्टेशन चुकतां चुकतां राहिलें. आज्ञा पाळण्याची व्यवस्था सर्वत्र असते. ती वेळेवर विसरण्याचीही व्यवस्था असावी लागते, हें आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.

ही व्यवस्था बिघडते कशी? 1983 सालीं असें दिसून आलें कीं, माकडांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक हें रक्तांतील प्लेटलेटांपासून मिळणाऱ्या वृद्धिकारक प्रथिनाच्या जनुकाशीं जवळजवळ तंतोतंत जुळतें. अशी पेशी स्वतःच निरोप लिहिते आणि स्वतःच वाचते. पुढच्याच वर्षीं कोंबड्यांच्या दुसऱ्या एका विषाणूंत ईजीएफचाच कान सांपडला, पण बाहेरचा भाग गळून पडलेला, आंतला तेवढा शिल्लक: निरोप नाहीं, तरी घंटा चालूच. दोन्ही ठिकाणीं रोगाचें साहित्य परकें नव्हतें. घरांत रोज वापरावयाचीच चीज अवेळीं व अखंड चालूं लागली होती.

वहिनींच्या तपासणीच्या कागदावर 'हर-टू, थ्री प्लस' असा शेरा आहे. ("शाळेंत कधी प्लस मिळालं नाही, इथं तीन मिळाले," हें त्यांचें भाष्य.) हर-टू हा त्याच घराण्यांतील एक कान. त्याला स्वतःचा असा निरोप्या कोणी आढळलेला नाहीं. तो शेजारच्या कानाशीं जोडी करतो व त्यानें ऐकलेलें मोठें करून आंत सांगतो. निरोगी पेशींत त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात; अशा गांठींत त्या अनेक होतात, कानांची गर्दी उसळते, आणि कोणी कांहीं न बोलतां आंत कोलाहल माजतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारें 15 ते 20 जणांच्या गांठीचा प्रकार हा असतो. ज्यांच्यांत हें जनुक वाढलेलें आहे त्यांचा रोग अधिक उग्र असतो, हें लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनीं 1987 सालीं दाखविलें. त्या कानावर बाहेरून बसणारें ट्रास्टुझुमॅब हें औषध 1998 सालीं अमेरिकेंत मान्य झालें. आपल्याकडे तें मध्यम वर्गाच्याही आवांक्याबाहेर होतें. 2013 सालीं रोश कंपनीनें भारतांतील पेटंट सोडलें आणि 2014 सालीं बंगळूरच्या बायोकॉननें आपलें तशाच जातीचें औषध बाजारांत आणलें, तेव्हां तें कांहींसें हातीं लागूं लागलें. वहिनींस तें दर तीन आठवड्यांनीं, वर्षभर घ्यावयाचें आहे.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस खरें विचारांत पाडलें ती सांगतों. हें औषध चालू असतां दर तीनएक महिन्यांनीं वहिनींच्या हृदयाची टू-डी ईको तपासणी होते, कारण हर-टूची गरज हृदयाच्या पेशींसही असते व औषधानें कांहीं रुग्णांचें हृदय अशक्त होतें. ज्या उंदरांतून हें जनुक मुद्दाम काढून टाकलें ते गर्भांतच मेले. त्यांचें हृदय नीट घडलें नाहीं. ज्याला वैरी म्हणून हुडकून काढलें, त्यानेंच आधीं घराचा पाया घातलेला होता.

वाईट ही एक स्वतंत्र वस्तु आहे असें मानणारे लोक फार पूर्वींपासून आहेत. आणि जें आहे तें मुळांत चांगलेंच, त्याचें स्थान व प्रमाण सुटलें म्हणजे आपण त्यास वाईट म्हणतों, असें मानणारेही तितकेच जुने आहेत. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. ज्ञानेश्वरांनीं ग्रंथाच्या अखेरीस जें मागितलें त्यांत दुष्टांचा नाश मागितलेला नाहीं, त्यांचा वांकडेपणा जावा एवढेंच मागितलें आहे. हें औषध जणू तेंच करतें, असें लिहिण्याचा मोह आम्हांस झाला होता. (औषध इतकें सात्त्विक नाहीं, तें शरीराच्या रक्षक पेशींसही त्या पेशींवर सोडतें.) त्याहून मोठा मोह निराळा होता. जी पेशी स्वतःचेंच बोलणें ऐकते, जिला थांबणें माहीत नाहीं, तिच्यावर स्वार्थी मनुष्याचें एक सुरेख रूपक बसत होतें. दोन पानें लिहून झालीं. तीं आम्हीं फाडून टाकलीं.

कारण, तें रूपक म्हणजे आमच्या सभेंतील वाक्याचीच सुधारलेली आवृत्ति होती. अपराध ठरावयास हेतु लागतो. जनुकाची नक्कल होतांना दोनाच्या वीस प्रती झाल्या, यांत कोणाचा हेतु? पेशीचा नाहीं, आणि पेशी जिच्या अंगांत आहे तिचा तर मुळींच नाहीं. कोणी म्हणेल, तंबाखूचें काय? डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनीं मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या 1000 रुग्णांवर 1944 सालींच निबंध लिहिला होता, आणि तरीही घाटकोपर स्टेशनाबाहेर पुड्यांच्या माळा आपण रोज पाहतों. तेथें कारण निश्चित आहे. परंतु कारण सांगणें निराळें व दोष लावणें निराळें. कारण कळलें तर पुढच्या माणसास वांचवितां येतें, दोष लावून आजाऱ्याच्या उशाशीं एक ओझें तेवढें वाढतें. आणि वहिनींच्या बाबतींत तर सांगण्याजोगें कारणही कोणापाशीं नाहीं. मग नणंदेनें, पत्रिकेनें व प्राध्यापकानें तें कोठून आणलें? आम्हांस वाटतें, भीतींतून. तिचें कांहीं चुकलें असेल तर न चुकणारे आपण सुरक्षित, असा हा मनाचा सौदा असतो. सुसान सोंटॅग यांनीं स्वतःच्या कर्करोगानंतर 1978 सालीं लिहिलेल्या पुस्तकांत या रोगाचीं रूपकें करण्यास हरकत घेतली आहे. तें पुस्तक आमच्या कपाटांत वीस वर्षें होतें.

हें सारें आम्हीं वहिनींस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. "म्हणजे माझं नाही चुकलं" एवढेंच म्हणाल्या, आणि नणंदेस सांगावयाचें म्हणून हर-टूचें स्पेलिंग लिहून घेतलें. नंतर दारापर्यंत येतांना म्हणाल्या, "सर, औषध घेऊन आल्यावर हे तीन जिने मला एका दमांत चढवत नाहीत. मला 22 मजले नकोत. लिफ्ट हवी."

चौतीस वर्षें आम्ही त्या इमारतींत राहतों, पहिल्या मजल्यावर. पुढील सभेंत आम्हीं कर्करोगाचें नांव काढलें नाहीं. पाण्याची मुख्य वाहिनी किती इंचांची, गटाराचें काय, जिना किती रुंद, आणि जुन्याच इमारतीस बाहेरून लिफ्ट बसवितां येईल कीं नाहीं, एवढेंच विचारलें. भाषण नीरस झालें. लिफ्टेविषयीं एका अभियंत्यास पाहणीस बोलावलें आहे. तो अद्याप आलेला नाहीं, आणि योजनेच्या कागदावर आमची सहीही अद्याप झालेली नाहीं.